लक्झेंबर्गहून

ब्रागात सकाळी आठला आमचे फोन सुरू होतात.
मी वानिया, कार्ड विभाग, टेबल सहा.
माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, दुसरंही:
हा व्यवहार तुम्ही केलाय का?

लोक आधी कानांवर हात ठेवतात.
मग एकेक आठवत जातं.
लग्नाआधी वजन उतरवायचं होतं, ते.
भाच्याने टीव्हीवर काहीतरी दाबलं होतं, ते.
सात दिवस फुकट,
आणि आठव्या दिवसासाठी
रुमालाला गाठ मारायची राहून गेलेली.
फुकट ते पौष्टिक म्हणतात.
पचायला मात्र जड.

मंगळवारी बेल्मिरो फोंतांव यांचा फोन आला.
वय अठ्ठ्याहत्तर. हयात ग्रॅनाइट फोडण्यात गेली.
बोलतातही तसेच, आधी ठोकून बघतात,
मग शब्दाचा तुकडा पाडतात.
"पोरी, जुन्या कार्डाची मुदत संपली. नवं आलंय.
आकडा वेगळा आहे.
दर पाच तारखेला जे पैसे जातात
ते नव्यावरूनही जातील ना?"

मी पडद्यावर पाहिलं.
अकरा युरो नव्व्याण्णव सेंट. एकोणीस महिने.
नावाच्या जागी अक्षरांचं कडबोळं,
पुढे गाव: लक्झेंबर्ग.

हा व्यवहार तुम्ही केलाय का?

"मी नाही. झेफेरिनो करतो."

झेफेरिनो थोरला. बाविसाव्या वर्षी तिकडे गेला, बांधकामावर.
पाच तारखेला पैसे पाठवायचा, न चुकता.
आईचा मोतीबिंदू, छपराची कौलं, ट्रॅक्टरचे हप्ते,
सगळं लक्झेंबर्गने केलं.
मग आईच्या दफनाला तो एक दिवस उशिरा पोचला
आणि बाप बोलू नये ते बोलला,
कबरीपाशी, चारचौघांत.
त्याला झाली सहा वर्षं.

"एकदा बघतो तर पाच तारीख, लक्झेंबर्ग,
पण पाणी उलट्या दिशेने वाहतंय.
म्हटलं, अडचणीत असेल. मागायची लाज वाटत असेल.
माझ्या कार्डाचा आकडा त्याला कुठून मिळाला
हे मी स्वतःला विचारलं नाही.
एवढेसेच घेतो बघ. जास्त घेतले असते
तरी चाललं असतं."

त्यांच्याकडे कोंबडा आरवला.
माझ्यासमोर कंपनीचं पान उघडं होतं:
पानाचा फोटो काढा, झाडाचा रोग ओळखा.

तुमच्या द्राक्षवेलीवर डाग पडले होते का, मी विचारलं,
दोन वसंतांपूर्वी?

"पडले होते. शेजारच्या पोरीने फोनमध्ये काहीतरी घालून दिलं.
फोन म्हणाला, केवडा.
भुरी होती."

मग मी सांगितलं.
कंपनीचा पत्ता तिथला आहे, एवढंच.

"एवढंच," ते म्हणाले.
प्रश्न नव्हता तो.

रद्द करायचं बटण सातव्या पानाच्या तळाशी असतं,
राखाडीवर राखाडी.
ते चष्मा बदलून एकेक ओळ मला वाचून दाखवत होते.
"विचारतोय, खरंच जाताय?
म्हणतोय, आम्हाला तुमची आठवण येईल.
काय दाबू, पोरी?"

वरचं ठळक नको. खालचं, फिकट, ते दाबा.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
माझ्या समोरच्या घड्याळात
कॉलची मिनिटं लाल झाली.
"दाबलं."

पुढल्या महिन्यात त्यांनी पुन्हा फोन केला,
टेबल सहाच हवं म्हणून अर्धा तास थांबले.
कंपनीने शेवटच्या दोन महिन्यांचे परत दिले होते,
तेवीस युरो अठ्ठ्याण्णव.
"लक्झेंबर्गहून आलेत," ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं.
त्यांना माहीत आहे, हे मला माहीत होतं.

"सोबत काही लिहिलंय का?"

तपशिलाच्या रकान्यात परताव्याचा क्रमांक होता,
सतरा आकडी.
मी सावकाश वाचला.
पलीकडे पेन्सिल कागदावर घासत होती,
मध्येच थांबली.

"मधले चार
परत सांग."